विसर्जन खातं

माणसाचे डोळे बघून तो क्लबात किती दिवस टिकेल हे सांगणारे खजिनदार दुसऱ्या कुठल्या फुटबॉल क्लबाला मिळाले नसतील. आम्हाला मिळाले होते, आणि आम्ही त्यांना घालवलं. 'आम्ही' म्हणायची ही माझी जुनी खोड आहे. घालवलं मी.

ते पेणचे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती कुणी का घडवेना, रंग कुणी का देईना, डोळे काढायला त्यांच्यापुढेच यायची. आखणी चालू असताना ते श्वास रोखून धरायचे आणि समोरच्यानेही रोखावा अशी त्यांची अपेक्षा असायची. एकदा मी बोलायला तोंड उघडलं तर डाव्या हाताने माझं तोंड दाबून उजव्या हाताने त्यांनी बुबुळ पुरं केलं. हात बाजूला घेतल्यावर म्हणाले, "आता बोल. काय पेटलंय?"

असा माणूस आमच्या रोह्याच्या फुटबॉल क्लबात कसा आला ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. फुटबॉल आमच्याकडे कंपनी कॉलनीतल्या केरळी आणि बंगाली मंडळींनी आणला. मग गावातली पोरं शिकली, शेजारच्या वरसे गावाच्या बाजूला मैदान मिळालं, आणि हळूहळू आम्ही पगारी खेळाडू ठेवून लीग खेळणारा क्लब झालो. खजिनदारांचा मेहुणा कॉलनीत होता. त्याच्याकडे आले असताना त्यांनी एक सामना पाहिला आणि सामना संपल्यावर आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांना जाऊन विचारलं, "ह्या पोरांना पगार कुठल्या तारखेला देता?" अध्यक्षांनी चहा मागवला आणि विषय बदलला. पुढच्या महिन्यापासून ते आमचे खजिनदार झाले, ते चौदा वर्षं.

आठवड्यातून तीनदा ते पेणहून पॅसेंजरने यायचे. मी निडीला राहतो, तिथून त्याच डब्यात चढायचो. कंपनीत शिफ्ट आणि उरलेल्या वेळात क्लबाचं सेक्रेटरीपण, असा माझा संसार. ते मला नावाने हाक मारत नसत, 'शेकरेटरी' म्हणत. आणि गळ्यात दोन चष्मे, दोन वेगळ्या दोऱ्यांना. एक डोळ्यांचा, एक पायांचा, असं ते सांगायचे. कारखान्यात डोळ्यांचा, मैदानावर पायांचा. पण नवा खेळाडू आला की मैदानावरसुद्धा डोळ्यांचा चष्मा लावून त्याच्या तोंडासमोर जाऊन उभे राहायचे. पोरं बिचकायची. "हा गोलाकडं बघत नाय, लोकांकडं बघतो. मार्चपतूर जाईल," असं ठरवून मोकळे व्हायचे, आणि तो मार्चपर्यंत जायचा.

चिक्कू म्हणून त्यांची ख्याती तालुकाभर होती. मध्यंतराला लिंबाच्या फोडी चारऐवजी सहा करायच्या हा त्यांचा शोध. बाहेरगावच्या सामन्याला एसटी मिळत असेल तर मिनीबस नाही. सामनावीराला ते चषक देत नसत, पोह्याच्या पापडांचा पुडा देत. एका रेफ्रीने आमच्या विरुद्ध दोन पेनल्टी दिल्या तरी सामना छान चालवला म्हणून त्यालाही पुडा दिला. मी चिडलो तर म्हणाले, "मग? त्याच्या बायकोनं काय घोडं मारलंय?"

पण पगार एक तारखेला. एक तारीख रविवारी आली तर शनिवारी. ग्राउंड राखणाऱ्या लक्ष्मणपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांचा, आणि लक्ष्मणचा आधी. चौदा वर्षांत एक महिना चुकला नाही. त्या वेळी मला ह्यात काही विशेष वाटायचं नाही. पाणी नळाला येतं तसा पगार एक तारखेला येतो, एवढंच.

आता पाटाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं पाटावरच येऊन थांबतं. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे आपला घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. मागे नाव लिहायचं. त्या पाटावर मावेल एवढीच मूर्ती बसते. एका वर्षी एका सोसायटीची माणसं दीड फुटाचा पाट घेऊन आली आणि तीन फुटी मूर्ती मागायला लागली. कारखान्याच्या मालकाने गिऱ्हाईक सोडलं नाही, हो म्हणाला. खजिनदारांनी त्या मूर्तीचे डोळे काढायला साफ नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी काढले. वडखळच्या खड्ड्यात टेम्पो आदळला आणि पाटाबाहेर आलेलं पाऊल निखळलं. खंडित मूर्ती बसवता येत नाही, म्हणून ती माणसं रडकुंडीला येऊन परत आली. तेव्हा ह्यांनी शिल्लक राहिलेली एक लहान मूर्ती घेतली, तिचे डोळे काढले आणि त्यांच्याच पाटावर बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "पाट केवढा आणला होता?"

हा प्रश्न त्यांनी क्लबात आणला. सामन्यानंतर आमची पंगत बसायची. त्यासाठी त्यांनी क्लबाच्या खोलीत भिंतीला बावीस खिळे ठोकले आणि बावीस पाट टांगले. अठरा खेळाडू, कोच, लक्ष्मण, मी आणि ते. प्रत्येकाच्या पाटामागे त्यांनी आखणीच्या ब्रशने नाव लिहिलेलं. अक्षर असं, की नाव बघून माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. नवा खेळाडू घ्यायचा तर कुणाचा तरी पाट रिकामा व्हायला हवा. तेविसावा खिळा नाही. कुणी मोठ्या खेळाडूचं नाव काढलं की हे भिंतीकडे बोट करायचे. "पाट केवढा हाय?"

मला ह्या पाटांची लाज वाटायची. खरं तेच लिहितो. टीव्हीवर मोठमोठे क्लब बघायचे, कुणाला किती कोटींना घेतलं ते शिफ्टमध्ये चघळायचं, आणि इथे आमच्या भिंतीवर जेवायचे पाट. बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना खोलीत नेत नसे.

मग वरशाला इमारती बांधायला पनवेलचा एक बिल्डर आला. त्याला जाहिरात हवी होती आणि मला मोठा क्लब. त्याने वर्षभराचे पैसे द्यायचं कबूल केलं आणि पहिला हप्ता दिलाही. त्या हप्त्यावर मी मुंबईला जाऊन क्वेसीला घेऊन आलो. क्वेसी घानाचा. उंच, मितभाषी, चेंडू पायाला बांधल्यासारखा खेळायचा. त्याच्या पाठोपाठ गोव्याचे दोघे आणले, कोच बदलला. क्वेसी आला त्या दिवशी खजिनदारांनी डोळ्यांचा चष्मा लावून त्याला न्याहाळलं. त्याने नजर हलवली नाही, उलट हसला.

"डोळे चांगले हायेत," ते मला म्हणाले. "पण शेकरेटरी, ह्याचा पाट कुठाय?"

मी बिल्डरचा फ्लेक्स दाखवला. तो लावायला भिंत पुरत नव्हती, म्हणून मी पाट काढून व्हरांड्यात रचले होते. खिळे तेवढे राहिले. ते फ्लेक्समधून टोचून वर आले आणि बिल्डरच्या गालावर एक भोक पडलं. खजिनदार ते भोक बघून व्हरांड्यात पाट मोजायला गेले.

पहिले पाच सामने आम्ही जिंकलो. रोह्यात मला माणसं थांबवून हात मिळवायची. त्या पाच सामन्यांइतकं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही, हेही खरं आहे.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच मुद्द्याची आहे. दर मोसमाच्या सुरुवातीला, बाकी एक रुपया खर्चायच्या आधी, खजिनदार थोडी रक्कम बाजूला काढून पेणच्या एका बँकेत क्लबाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे. शेवटच्या महिन्याचे पगार आणि खेळाडूंचं घरी जायचं भाडं. ह्या खात्याला ते 'विसर्जन' म्हणायचे, वहीतही तसंच लिहायचे. पेणला अशासाठी, की रोह्याच्या बँकेत दुपारी टाकलेले पैसे संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळतात. ठेवीवर दोन सह्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. पहिल्यांदा सही करताना त्यांनी मला सांगितलं होतं, "हे दोघांतच. लोकांना कळलं का ते मूर्ती मोठी करतात."

बिल्डरचा दुसरा हप्ता आला नाही. फ्लॅट विकले जात नव्हते, तो फोन उचलेना. क्वेसीचे आणि गोव्याच्या दोघांचे पैसे थकले. मी पेणला जाऊन खजिनदारांना म्हटलं, विसर्जनाची ठेव मोडू, दोन महिने निघतील, तोवर बिल्डर देईल. ते आखणी करत होते. एक डोळा पुरा झाला, दुसरा झाला, मग मान वर केली. "नाय," एवढंच म्हणाले. मी खूप बोललो. ते ब्रश धूत राहिले.

पुढच्या रविवारी क्लबाची सभा झाली. चाळीसेक माणसं होती. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, एवढा मोठा क्लब झाला तर पैसे गेले कुठे. खरं उत्तर माझ्या खिशात होतं. पैसे मी खर्चले होते. तेवढ्यात किराणा दुकानवाले एक सभासद वही चाळता चाळता थांबले.

"ह्यो विसर्जन काय हाय? दरवर्षी विसर्जन? आपल्या क्लबाचा गणपती हाय काय?"

खजिनदार कुठे काम करतात हे प्रत्येकाला माहीत होतं. फुटबॉलच्या वहीत विसर्जन, आणि खजिनदार गणपतीच्या कारखान्यातले. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती मला त्यांच्या तोंडांवर दिसली. मग ती सगळी तोंडं माझ्याकडे वळली, कारण वहीवर सेक्रेटरी म्हणून माझी सही होती.

मी काय बोलायला हवं होतं ते एका वाक्याचं होतं. ते मला येत होतं. पण आठवडाभराचा राग होता, आणि माझ्यावर खिळलेली नजर दुसऱ्या कुणावर जायला तयार होती. मी म्हणालो,

"म्हणजे आपला गणपती पेणलाच बसला म्हणायचा!"

सगळे हसले. मोठ्याने, पोट धरून. विनोद बरा जमला होता, हे मी आजही नाकारू शकत नाही.

खजिनदारांनी डोळ्यांचा चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. एक डोळा काढायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ. त्यांनी मला संधी दिली होती, हे मला तेव्हाच कळत होतं. ते स्वतः एका वाक्यात सुटू शकले असते. 'ठेव बँकेत आहे, ह्याचीही सही आहे.' पण तसं म्हटलं असतं तर चाळीस माणसांनी तिथल्या तिथे ती ठेव मोडायचा ठराव केला असता, आणि पैसे आठवड्यात माझ्या मोठ्या क्लबात गेले असते. त्यांनी ठेव वाचवली. स्वतःचं नाव तसंच पडू दिलं.

ते उठले. कपाटाची चावी टेबलावर ठेवली. "पाट व्हरांड्यात भिजतायत," म्हणाले. "टेम्पो पाठवतो, घेऊन जाईल." आणि स्टेशनकडे चालू लागले.

पुढचं सांगायला फार नाही. हरायला लागलो, बिल्डरने फ्लेक्ससुद्धा परत मागितला नाही. मोसम संपायला आला तेव्हा कुणाचेच पगार नव्हते. क्वेसीला खोलीवाल्याने बाहेर काढलं होतं. तो दोन बॅगा घेऊन रोहा स्टेशनच्या बाकावर बसलेला असायचा आणि मी पुलावरून न जाता फाटकाने जायचो, म्हणजे त्याला दिसू नये.

तेव्हा पेणहून निरोप आला, सहीला ये.

आम्ही दोघं बँकेत गेलो. त्यांनी सही केली, मी केली. त्यांनी पैसे पाकिटांत भरले, पाकिटांवर नावं त्याच ब्रशच्या अक्षरात. सगळ्यात वर लक्ष्मणचं. क्वेसीच्या पाकिटासोबत एक नवा छोटा पाट होता, मागे 'क्वेसी' लिहिलेला. त्याला तो द्यायला ते स्वतः रोह्याला आले. क्वेसीने विचारलं, हे काय लिहिलंय. खजिनदार म्हणाले, "तू." मी भाषांतर केलं. त्याने पाट छातीशी धरला आणि गाडीत चढला.

त्या दिवशी बँकेतून कारखान्यात परत आल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "चुकलो मी."

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "मला म्हायतच हाय. ज्यांना म्हायत नाय त्यांना सांग." मग भिंतीला टेकवलेल्या पाटांतून एक बाजूला काढला. माझा. "बाकीचे घेऊन जा, खिळे हायेतच. ह्यो हितं राहूदे. सगळ्यांत बोलशील त्या दिवशी देतो."

मी हो म्हणालो. आणि रोह्यात आल्यावर ऐकलं की लोक काय बोलताहेत. ते म्हणत होते, बघा, खाल्लेले पैसे शेवटी ओकले. सेक्रेटरीने पेणला जाऊन दम भरला असणार. माझी पाठ थोपटली लोकांनी. पहिल्या दिवशी बोललो नाही, मग दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं, आणि असं करत तीन वर्षं गेली.

क्लब पुन्हा उभा राहिला, लहान. आमचा जुना गोलकीपर सेक्रेटरी झाला. त्याने पाट पुन्हा टांगले, आपले स्थानिक खेळाडू घेतले, पगार एक तारखेला चालू केला. त्याच्याच हट्टाने मागच्या वर्षी खजिनदारांचा सत्कार ठरला. काही जुने सभासद तोंड वाकडं करत आले, पण आले. जवळपास तीच चाळीस माणसं. गोलकीपर मला म्हणाला, "बोलायचं तुम्हीच. तुमच्याइतकं त्यांना कोण वळखतं?"

खजिनदार थकले होते. त्यांनी पायाशी एक कापडी पिशवी ठेवली. पिशवीतून पाटाचा कोपरा बाहेर आला होता, आणि त्याच्या मागच्या बाजूला माझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसत होतं. एवढं ओझं घेऊन ते पेणहून आले होते. भिंतीवर एकवीस पाट आणि एक रिकामा खिळा होता.

मी दहा मिनिटं बोललो. दोन चष्म्यांचं सांगितलं. लिंबाच्या सहा फोडी सांगितल्या. रेफ्रीच्या पापडांची गोष्ट तर मी साभिनय केली. माणसं खुर्च्यांवर डोलायला लागली. आता सांगू, आता सांगू, असं प्रत्येक हशाच्या शेवटी मनात म्हणत होतो, आणि प्रत्येक हशा संपला की दुसरी गोष्ट सुरू करत होतो. शेवटी 'अशी माणसं आता होत नाहीत' म्हणून हात जोडले आणि खाली बसलो. शेजारी बघायचं धाडस होत नव्हतं.

त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागाने नाही.

"चांगलं बोललास," ते म्हणाले. "हसले सगळे."

मग पिशवी उचलली आणि गोलकीपरला म्हणाले, गाडीची वेळ झाली. निडीपर्यंत मीही त्याच गाडीने जायचो. त्या दिवशी मी मागची गाडी धरली.

ह्या वर्षी माघात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं. पेणला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी ओटीवर बसल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. ओटीच्या कोपऱ्यात तीच कापडी पिशवी खुंटीला होती, जड, पाटाच्या आकाराची. मी तिच्याकडे बघितलेलं त्यांनी पाहिलं.

"सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "रोह्याचा शेकरेटरी आला तर आधी इचार, मग दे." आणि लगेच विचारलं, "बोललात काय तुम्ही सगळ्यांत?"

समोर त्या एकट्या होत्या. हो म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. मी चहा प्यालो, कप खाली ठेवला, आणि रिकाम्या हातांनी स्टेशनवर आलो.